धुतल्या हातांचा रंगारी

पूर्वी वरणा नदीच्या काठी एका नगरात महासेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या निळीच्या रंगाऱ्यांच्या आळीत जन्माला आला होता. त्याचे नाव सोमिल. आळीत चाळीसेक घरे होती आणि सगळ्यांचे मिळून एक मोठे अंगण होते. त्या अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले निळीचे रांजण. दिवसभर रांजणात हात घालून काम करणारा माणूस कोपरापर्यंत निळा होतो, आणि हा निळेपणा नुसत्या पाण्याने जात नाही. नगरात कुणाचे निळे हात दिसले की लोक बाजूला सरून वाट देत. म्हणत, "अंगणातला माणूस आहे."

निळीचे एक आहे. कापड रांजणातून वर काढले की ते निळे नसते, हिरवट असते. वाऱ्यावर धरले की बघता बघता निळे होत जाते. त्याने पुरता वारा खाल्ला की नाही, हे ओळखायला तयार डोळा लागतो. घाईने हिरवटच उचलले तर दोन धुण्यांत रंग निघून जातो, आणि उगाच पुन्हा बुडवले तर कापड काळे पडते. म्हणून आळीची रीत अशी होती की श्रेणीच्या, म्हणजे रंगाऱ्यांच्या संघाच्या, मुख्याने रोज सकाळी अंगणातल्या चौथऱ्यावर उभे राहायचे आणि एकेक तागा त्याच्यापुढे धरला जायचा. त्याने 'चढला' म्हटले की ताग्याच्या टोकाला पांढरा दोरा बांधून तो बाजारात जाई. 'परत' म्हटले की पुन्हा रांजणात.

दुसरीही एक रीत होती, आणि तिचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. ज्याची नजर गेली त्याचे हात धुवायचे. रिठ्याचे आणि चुन्याचे कढत पाणी घंगाळात घ्यायचे, सगळ्या आळीसमोर त्या म्हाताऱ्याचे हात घासघासून पांढरे करायचे, आणि मग त्याने अंगणाचे फाटक पुन्हा ओलांडायचे नाही. यात कोणाच्या मनात वाईट नव्हते. वाडवडिलांनी माल खराब होऊ नये म्हणून हे बांधून दिले होते. पण हात धुतलेला माणूस घराच्या ओट्यावर बसे, लोक येता-जाता त्याला नमस्कार करीत, सणाला पहिले पान त्यालाच वाढीत, आणि त्याला काही विचारीत मात्र नसत. नमस्कार करून पुढे निघून जाणे किती सोपे असते, नाही का.

सोमिल एकवीस वर्षे श्रेणीचा मुख्य होता. त्याच्या डोळ्याची कीर्ती शेजारच्या राज्यात गेली होती. तो 'चढला' म्हणाला की व्यापारी तागा उलगडूनही बघत नसत. वय सत्तरीला आले होते, पाठ जराशी वाकली होती, बायको जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगा वत्सक हाताशी होता. आणि अंगणात नंदिका नावाची एक विधवा बाई काम करी. नवरा वारला तेव्हा सोमिलने तिला रांजण दिला होता आणि हाताला धरून काम शिकवले होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी सोमिलने एकामागून एक अकरा तागे परत पाठवले. "हिरवट आहे. वारा लागलेला नाही. परत." पुन्हा बुडवले, पुन्हा आणले, पुन्हा तेच. शेवटी ते तागे काळेठिक्कर होऊन वाया गेले. त्याच्या डोळ्यांवर पिवळट पडदा चढू लागला होता. त्या पडद्यातून बघितले की अस्सल निळाही हिरवट दिसे. सोमिलला वाटले, यंदा नीळच हलकी आली आहे. म्हातारपण असे चोरपावलांनी येते की ज्याच्या अंगावर येते त्याला जगच बदलल्यासारखे वाटते.

वत्सकाने आणि नंदिकेने मात्र ओळखले, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर ते घंगाळ आले.

मग त्यांनी एक युक्ती केली. एक तागा दर वेळी पुरता वारा देत बारा वेळा बुडवून इतका गडद केला की सोमिलच्या पिवळ्या नजरेलाही तो निळा दिसावा. रोज सकाळी त्या दिवसाच्या मालाचा नमुना म्हणून तोच तागा त्याच्यापुढे धरायचा. आज हा अमक्या व्यापाऱ्याचा, उद्या हा तमक्याचा. सोमिल 'चढला' म्हणायचा. खरे तागे चौथऱ्यामागच्या भिंतीआड नंदिका पारखायची आणि दोरा बांधून पाठवून द्यायची. हळूहळू सगळ्या आळीला हे ठाऊक झाले. आळीत गुपित राहते कुठे! पण कोणी तोंड उघडले नाही. म्हातारा चौथऱ्यावर उभा राहतो, रुबाबात 'चढला' म्हणतो, माल उत्तम जातो, मग कशाला कोणाचे मन मोडा?

अशी दोन वर्षे गेली. आणि मग राजाकडून माणूस आला. युवराजाच्या अभिषेकासाठी शंभर निळे तागे हवे होते. पारख पाहायला राजा स्वतः अंगणात येणार होता. आणि राजाने शब्द दिला होता की ही पारख त्याच्या मनासारखी झाली तर श्रेणीचे मुख्यपण सोमिलच्याच घरात राहील, बापामागून मुलाकडे, मुलामागून नातवाकडे.

आळीत आनंद झाला. वत्सकाचे तर पाय जमिनीवर ठरेनात.

त्याच आठवड्यात सोमिलच्या अंगठ्याला ताग्याच्या काठाशी काहीतरी लागले. तांदळाच्या दाण्याएवढी रफूची गाठ. नव्या ताग्याला रफू कुठून, असे त्याच्या मनात आले, पण तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याचा म्हणून तागा आला. अंगठा आपोआप काठाकडे गेला. गाठ तिथेच होती. तिसऱ्या दिवशीही. आणि आता त्याच्या लक्षात आले की कापड नव्यासारखे खरखरीत नाहीच. हजारदा हाताळलेल्या जुन्या लुगड्यासारखे ते मऊ पडले आहे.

बोधिसत्त्व असला तरी तो माणसाच्या जन्माला आला होता. त्याला भीती वाटली. पुढचे आठ दिवस, सगळे कळूनही, तो चौथऱ्यावर उभा राहिला आणि त्याच ताग्याला 'चढला' म्हणत राहिला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत काढला. या आठ दिवसांची लाज त्याला पुढे मागच्या दोन वर्षांपेक्षा जास्त वाटली.

नवव्या दिवशी तो परसातल्या भिंतीपाशी गेला. पलीकडे गोमतीचे घर होते. गोमती चाळिशी उलटलेली, तोंडाने फटकळ, मनाने मायाळू. आळीत कोणाच्या घरी काय शिजले हे तिला फोडणीच्या वासावरून कळे. तिचा सासरा भल्लक हा सोमिलचा जुना सोबती. सहा वर्षांपूर्वी त्याची नजर गेली तेव्हा मुख्य म्हणून सोमिलनेच त्याचे हात धुतले होते.

गोमती सुपात डाळ पाखडत होती.

"गोमती, एक विचारतो. खोटं सांगायचं नाही."

"मी आणि खोटं? काका, माझ्या पोटात खरं ठरत नाही, खोटं कुठून ठरायचं?"

"माझ्यापुढे रोज एकच तागा धरतात का?"

सूप थांबले.

"काका, तुमच्या वत्सकानं माझ्याकडून शपथ घेतलीय. गाईच्या पाठीवर हात ठेवायला लावून. काही सांगायचं नाही म्हणून."

"बरं. मग राहू दे."

"पण सांगायचं नाही एवढीच शपथ आहे हं. तुम्ही विचारल्यावर मी मान हलवली तर त्याला कोण काय म्हणणार?"

सोमिल हसला. म्हणाला, "अगं वेडे, तू मान हलवलीस तरी ती मला इथून दिसणार आहे का?"

गोमतीने सूप खाली ठेवले. पदराने डोळे पुसले आणि भिंतीला टेकून सगळे सांगितले. बारा वेळा बुडवलेला तागा, भिंतीमागची नंदिका, आळीची मूक संमती, काही म्हणता काही ठेवले नाही. शेवटी म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच केलं हो सगळ्यांनी. आमच्या मामंजींचं काय झालं ते बघितलंय ना आळीनं. सहा वर्षं झाली, ओट्यावर बसून भिंतीकडे बघत असतात. पहिलं पहिलं लोक थांबायचे. आता मी एकटीच बोलते, आणि माझ्या बोलण्याचा त्यांना कंटाळा येतो."

सोमिलने मान खाली घातली. भल्लकचा ओटा तिथून वीस पावलांवर होता. सहा वर्षांत तो तिथे किती वेळा गेला होता? सणाला नमस्कार करायला. आणि नमस्कार करून पुढे निघून जायला.

तो अंगणात गेला आणि भिंतीमागे वळला. दोन वर्षांत तो तिथे कधी फिरकला नव्हता. नंदिका एक तागा उन्हाकडे धरून उभी होती. त्याला बघून तिचे हात तसेच राहिले.

"चढलाय का?" त्याने विचारले.

"नाही, बाबा. काठाला कमी आहे."

"मग परत घाल."

तिने तागा खाली ठेवला. मग तोच म्हणाला, "गोमतीनं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस."

नंदिका खाली बसली. "तुमचे हात धुतलेले मला बघवले नसते. या हातांनी मला काम शिकवलंय."

"एवढंच?"

"खरं सांगू? कधीकधी रागही यायचा. तागा पारखायचा मी, 'चढला' म्हणायचं तुम्ही, आणि व्यापाऱ्यांनी तुमच्या पाया पडायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची, की ज्यानं पोटाला दिलं त्याचा हेवा करतेय."

"राग यायलाच हवा होता," सोमिल म्हणाला. "दोन वर्षं या आळीत माझ्यावर रागावलेलं एक तरी माणूस होतं, हे ऐकून बरं वाटलं. बाकीच्यांनी माझ्यापुढे तागा धरला तो देवापुढे नैवेद्य धरतात तसा. देव खातो असं कोणाला वाटतं का?"

संध्याकाळी वत्सक घरी आला तेव्हा बाप ओसरीवर वाट बघत होता. वत्सक सगळे ऐकून आधी रडला. बापाचे पाय धरले. आणि मग, रडणे ओसरल्यावर, म्हणाला, "बाबा, आता कळलंच आहे तर ऐका. परवा राजा येतोय. नंदिका तुमच्या मागे उभी राहील. एकदा खोकली की 'चढला'. दोनदा खोकली की 'परत'. एवढं एक करा. नंतर तुम्ही आजारी आहात म्हणून सांगू, तुम्ही आपणहून उतरलात असं होईल. हात धुवायचा प्रश्नच नाही. आणि मुख्यपण घरात राहील. माझ्यासाठी नको, तुमच्या नातवासाठी करा."

"आणि नंदिकेचं काय?"

"तिला मी काही कमी पडू देणार नाही."

"म्हणजे ती तुझ्याही मागे उभी राहून खोकणार."

वत्सक ताडकन उठला. म्हणाला, "तुम्हाला हौस आहे का त्या घंगाळाची?"

"नाही रे," सोमिल म्हणाला. "मला फार भीती वाटते." आणि तो खरेच सांगत होता.

राजा आला त्या सकाळी अंगण सारवून रांगोळ्या काढल्या होत्या. सगळी आळी जमली होती. हात धुतलेले चार म्हातारे फाटकाबाहेर उभे होते. आत काय बोलले जाते ते ऐकून सांगायला गोमती त्यांच्यापाशी थांबली होती. शंभर तागे दोरीवर ओळीने टांगले होते. पहिला तागा दोन माणसांनी चौथऱ्यासमोर ताणून धरला.

सोमिल चौथऱ्यावर चढला. समोर त्याला दिसला तो एक हिरवट, धुरकट चौकोन. मागे नंदिका एकदा खोकली.

एक शब्द. तो गेली एकवीस वर्षे म्हणत आला तोच. तो उच्चारला की नातवाच्या नातवापर्यंत घराची सोय होणार होती, आणि खोटेही ठरले नसते, कारण तागा खरोखरच चढलेला होता. जिभेवर शब्द आलाही. वत्सकाचा श्वास त्याला चौथऱ्यावरून ऐकू येत होता.

बोधिसत्त्वाने हात जोडले आणि तो म्हणाला, "महाराज, हा तागा कसा आहे ते मला दिसत नाही. दोन वर्षांपासून मला निळा रंग ओळखता येत नाही."

राजाचा चेहरा कठोर झाला. "मग दोन वर्षं माझ्या घरी आलेलं कापड कोणी पारखलं?"

"हिनं. नंदिकेनं. आत्ता खोकली ती."

"तू काय गमावतो आहेस ते कळतं आहे ना तुला?"

"कळतं, महाराज."

"खोकला ऐकून आजचा दिवस निभावला असता. मग बोललास का?"

सोमिल म्हणाला, "आज निभावला असता. पण हा माझा मुलगा. उद्या तोही म्हातारा होईल, त्याचीही नजर जाईल. तेव्हा त्याच्या हातात मी काय दिलेलं असेल? दिसेनासं झालं की लपव, आणि लपवायला एखादी गरजू बाई शोध, एवढंच. ही सगळी माणसं चांगली आहेत. त्यांनी माझ्याशी खोटेपणा केला तो मायेनं. पण त्यांना खोटं वागावं लागलं ते आमच्या रिवाजाला भिऊन, आणि तो रिवाज एकवीस वर्षं मी चालवला. फाटकाबाहेर भल्लक उभा आहे. त्याचे हात मी धुतले. तेव्हा तो म्हणाला होता, सोमिल, मला आत बसू दे, मी कशाला हात लावणार नाही. मी म्हणालो, नियम आहे. महाराज, मला तेव्हा दिसत होतं म्हणायचं, पण आजच्यापेक्षा कमीच दिसत होतं."

राजाने दोरीवरच्या ताग्यांकडे पाहिले. मग श्रेणीच्या लोकांकडे वळून म्हणाला, "पारख व्हायची राहिली आहे. तुमचा मुख्य कोण?"

माणसे एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी पुटपुटले, "बाईमाणूस चौथऱ्यावर?"

फाटकाबाहेरून भल्लकचा म्हातारा, चिरका आवाज आला, "दोन वर्षं बाईमाणसाच्या पारखीवर जेवताय की रे! आता ठसका लागला होय?"

लोक हसले, आणि हसण्यातच निर्णय झाला. नंदिका चौथऱ्यावर चढली. तिचा आवाज कापला नाही. शंभर ताग्यांपैकी त्र्याण्णवांना ती 'चढला' म्हणाली. सात, खुद्द राजासमोर, तिने परत पाठवले. राजाने जाताना ते सात पुन्हा बघायला येईन म्हणून सांगितले. मुख्यपण सोमिलच्या घरी राहण्याचा शब्द त्याने काढला नाही, आणि कोणी आठवणही केली नाही.

ऊन कलल्यावर घंगाळ आणले गेले. ते सोमिलनेच आणायला सांगितले होते.

"बाबा, मी हे करणार नाही," नंदिका म्हणाली.

"तू मुख्य आहेस. भल्लकचे धुतले, त्या तिघांचे धुतले. माझेच तेवढे निळे राहिले तर त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्याने हात पाण्यात घातले. नंदिका चोळू लागली. पाणी निळे झाले, मग काळसर. ती रडत होती म्हणून तिचा हात हलका पडत होता.

"जोरात घासा की!" फाटकापासून भल्लक ओरडला. "माझे घासले तेव्हा साल निघाली होती!"

"मामंजी!" गोमती दबक्या आवाजात म्हणाली. "काही बोलायचं म्हणजे..."

पण सोमिल हसत होता. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ओले पांढरे हात पुढे धरून, चाचपडत, तो फाटकाकडे चालत गेला आणि बाहेर पडून त्याने भल्लकच्या पायांवर डोके ठेवले. म्हणाला, "भल्लका, मला क्षमा कर."

भल्लकने त्याचे हात हातात घेतले, बोटे चाचपून बघितली. "गार पडलेत," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी फार गार पडतात. रात्री तेल लाव. कोणी सांगत नाही हे." आणि थोड्या वेळाने, "सहा वर्षं बोलायला कोणी नव्हतं बघ. आता तू आलास. वाईट वाटतंय तुझ्यासाठी, आणि बरंही वाटतंय. काय करू?"

नंदिका फाटकाशी आली. मुख्य म्हणून तिने पहिला शब्द दिला तो असा, की आजपासून आळीत कोणाचे हात धुतले जाणार नाहीत. ज्याची नजर जाईल त्याने तसे आपणहून सांगावे, चौथरा सोडावा, आणि अंगणात बसावे. अंगण डोळ्यांचे नाही, माणसांचे आहे. तिने एवढेच सांगितले आणि फाटकाचा अडसर काढून भिंतीला टेकवून ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, सगळे गोड झाले. तसे लगेच होत नसते. वत्सक बापाशी बोलेना. पान वाढी, पाणी ठेवी, आणि बोलत नसे. आपल्या मुलाच्या वाट्याचे मुख्यपण गेले ते त्याच्या जिव्हारी लागले होते. सोमिलने त्याला एका शब्दानेही टोकले नाही. तो रोज सकाळी उठे, काठी टेकीत अंगणात जाई आणि भिंतीच्या सावलीत भल्लक व आणखी तिघांबरोबर बसे. म्हातारे भांडत, जुन्या गोष्टी खोट्या वाढवून सांगत, डुलक्या घेत. कामाचे ते फारसे काही करीत नसत, हे खरेच सांगायला हवे. नंदिका त्यांना विचारून पारख करीत नसे. तिला गरज नव्हती. पण जाता-येता माणसे तिथे थांबत आणि बोलत.

महिनाभराने एका सकाळी वत्सक हातात तागा घेऊन सावलीत आला. बापासमोर गुडघे टेकून बसला. तागा त्याच्या मांडीवर ठेवला. घसा साफ केला.

"बाबा, हा नवा आहे. चार वेळा बुडवलाय. नंदिकाताई 'चढला' म्हणाल्या." मग थोडा अडखळला आणि म्हणाला, "तुम्हाला हिरवट दिसेल."

सोमिलने तागा जवळ घेतला, डोळ्यांपाशी नेला, काठावरून अंगठा फिरवला.

"हो रे," तो म्हणाला. "हिरवटच दिसतोय."

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बाप आणि मुलगा एकाच ताग्याकडे बघत बसले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, आपल्या विहारात सांगितली, तिला निमित्त असे घडले. कोसिय नावाचे एक वृद्ध भिक्खू रोज विहाराचे आवार झाडीत. त्यांच्या झाडण्यात निम्मा पाचोळा राहून जाई. ते आत गेले की तरुण भिक्खू गुपचूप पुन्हा झाडीत, आणि समोर मात्र म्हणत, "भंते, आवार कसं लख्ख झालं!" एकदा या कोसिय थेरांना हे दिसले आणि ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. बंधुला नावाच्या उपासिकेने ही गोष्ट शास्त्यांच्या कानावर घातली. शास्त्यांनी सगळ्यांना बोलावले, ही पूर्वजन्मीची कथा सांगितली आणि म्हटले, "भिक्खूंनो, वृद्धाला वंदन करणे चांगले. पण वंदनाच्या आड त्याच्यापासून सत्य लपवणे म्हणजे त्याला जिवंतपणीच बाहेर बसवणे होय. आणि वृद्धानेही आपली उणीव लपवू नये, कारण लपवलेली उणीव दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसते."

मग त्यांनी जन्मांचा मेळ सांगितला. त्या वेळी वत्सक होता तो आज तरुण भिक्खू उग्गत. नंदिका होती ती आज भिक्खुणी मित्तिया. राजा महासेन होता तो या विहाराला आम्रवन देणारा गृहपती. गोमती होती ती ही बंधुला उपासिका. यावर बंधुलेने लाजून पदर तोंडाला लावला. भल्लक होता तो हा कोसिय थेर. आळीतली माणसे म्हणजे आज इथे बसलेली ही परिषद. "आणि त्या वेळचा श्रेणीमुख्य सोमिल रंगारी," शास्ते म्हणाले, "तो मीच होतो."

त्या जन्मात बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली ती सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता.